विनोद, मस्करी आणि शरीराबाद

टवाळाला विनोद आवडतो असे समर्थ म्हणून गेले, आणि तेव्हापासून कुठल्याही हसऱ्या माणसाला गप्प करण्यासाठी हे वचन पुढे केले जाते. वचन दासबोधातले, सातव्या दशकातल्या नवव्या समासातले आहे. पण त्याच्या मागेपुढे काय आहे ते सहसा कोणी पाहत नाही. समासाचा विषय श्रवण हा आहे. कोणाला काय ऐकायला गोड वाटते याची एक लांबलचक यादी समर्थ देतात. ज्याची जशी प्रकृती तशी त्याची आवड, एवढेच त्यांना म्हणायचे असावे. त्या यादीत टवाळाच्या वाट्याला विनोद आला. ज्याला विनोद आवडतो तो टवाळ, असा उलटा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मला मात्र या तर्कापेक्षा त्यातल्या शब्दाचीच ओढ जास्त वाटते. समर्थांच्या काळी विनोद म्हणजे नेमके काय होते? आज आपण ज्याला विनोद म्हणतो तेच का?

धातू आहे नुद्, म्हणजे ढकलणे, लोटणे. अग्निबाणाच्या शास्त्रात ज्याला प्रणोदन म्हणतात त्यातही हाच धातू आहे. वि + नुद् म्हणजे दूर लोटणे, हटवणे. तेव्हा विनोद म्हणजे मुळात हटवण्याची क्रिया. कशाला हटवायचे? श्रमाला, खेदाला, कंटाळ्याला, आणि सर्वांत जास्त करून न सरणाऱ्या काळाला. हसू या शब्दाच्या आसपासही नव्हते. मेघदूतात यक्षाची विरहिणी उंबऱ्यावर फुले मांडून उरलेले दिवस मोजते, मनातल्या मनात मीलनाची चित्रे रंगवते, आणि कवी म्हणतो की प्रियकर दूर असताना स्त्रियांचे विनोद बहुधा असेच असतात. डोळ्यांत पाणी असलेल्या बाईच्या या उद्योगाला कालिदास विनोद म्हणतो! शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती शिकारीची स्तुती करतो, तीही असा विनोद दुसरा कुठे मिळणार या शब्दांत. एकीकडे मृगया आणि दुसरीकडे विरह. दोन्हींत सामायिक आहे ते मन गुंतवणे.

आपल्या प्रदेशाच्या जवळचा पुरावा हवा असेल तर कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा मानसोल्लास पाहावा. काळ ११२९ च्या सुमाराचा. महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात ही नोंद याच ग्रंथात आहे, म्हणून मराठीच्या अभ्यासकाला तो विशेष प्रिय. त्याच्या पाच विंशतींपैकी एक संपूर्ण विंशती विनोदांची आहे. शस्त्रविनोद, शास्त्रविनोद, मल्लविनोद, कोंबड्यांच्या झुंजीचा, मेंढ्यांच्या, रेड्यांच्या झुंजीचा, पारव्यांचा, ससाण्यांचा, मासे पकडण्याचा, मृगयेचा, गीताचा, वाद्याचा, नृत्याचा, कथेचा. असे वीस विनोद राजाने मोजले आहेत आणि त्या विसांत हास्याचे नाव नाही. हास्य असे वेगळे जोडून हास्यविनोद हा समास करावा लागतो, यावरूनही एकट्या विनोदात हसू गृहीत नव्हते असे दिसते. विसाव्या शतकातसुद्धा न. चिं. केळकरांनी आपल्या ग्रंथाला हास्यविनोदमीमांसा हे नाव दिले.

शेजाऱ्यांकडे डोकावले तर जुना अर्थ अजून नांदताना दिसतो. तेलुगूत विनोदम् म्हणजे करमणूक. कन्नडातही विनोद करमणुकीच्या बाजूला राहिला आणि हसवण्याचे काम हास्य या शब्दाकडे गेले. बंगालीत विनोदन म्हणजे मनोरंजन. हिंदीने मनोविनोद जपला. मराठीने मात्र हा शब्द जवळजवळ पूर्णपणे हशाच्या हवाली केला. हे स्थित्यंतर कधी झाले? समर्थांच्या ओवीत जुना आणि नवा, दोन्ही अर्थ शेजारी उभे असावेत असे मला वाटते. टवाळाला रिकामा वेळ लोटायला काहीतरी हवे असते, हा अर्थ तिथे निदान तितकाच चपखल बसतो. शब्दाला पुढे आलेला अर्थ मागे नेऊन चिकटवायचा आणि मग सतराव्या शतकातल्या माणसाला हास्याचा वैरी ठरवायचे, हा अन्याय आहे. मूर्खांची आणि पढतमूर्खांची लक्षणे इतक्या बारकाईने टिपणारा माणूस हास्याचा वैरी कसा असेल? पढतमूर्ख हा शब्दच पाहा. पढणे आणि मूर्ख असणे या दोन गोष्टी एकाच माणसात नांदतात, हे समर्थांनी दोन शब्द शेजारी ठेवून दाखवले. मूर्ख शब्दाचे मूळ उणादिकारांनी मुह् धातूत दाखवले, तर नव्या भाषाशास्त्रज्ञांना मूर्छ् म्हणजे गोठणे, घट्ट होणे, हा धातू जवळचा वाटतो. दुसरे खरे मानले तर मूर्ख, मूर्च्छा आणि मूर्ती ही सख्खी भावंडे ठरतात. तिघांतही काहीतरी थिजलेले आहे.

विनोदाच्या जुन्या अर्थाला मराठीत दोन देशी सोबती मिळाले, आणि त्यांची घडण पाहिली की त्या अर्थाची खात्री पटते. करमणे हे क्रमणे याचेच रूप असावे: काळ क्रमणे, म्हणजे काळाच्या वाटेवर पावले टाकणे. त्यावरून करमणूक. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये आपल्या साप्ताहिकाला हेच नाव दिले. दुसरा सोबती गंमत. जुन्या मराठीतले गमणे, म्हणजे वेळ जाणे, मन रमणे. गुजरातीत गमवुं म्हणजे आवडणे. मुळाशी गम् धातू, जाणे हा अर्थ असलेला, असे दिसते. छत्तीसगडच्या नाचा या लोकनाट्यात विनोदी प्रवेशांना गम्मतच म्हणतात. म्हणजे एक शब्द काळाला ढकलतो, दुसरा त्याच्यातून चालत जातो, तिसरा त्याला नुसता जाऊ देतो. तिन्ही शब्द गतीचे आहेत आणि तिन्ही शेवटी हशापाशी येऊन पोहोचले.

मग मध्ययुगातल्या आपल्या लेखकांजवळ हसण्याहसवण्याला शब्द कोणते होते? अमरकोशात लीला, क्रीडा, केली, परिहास, नर्म आणि द्रव ही मंडळी एकत्र बसलेली आहेत. त्यांतली लीला मराठीत लीळा होऊन आली आणि म्हाइंभटांच्या हातून एका अख्ख्या ग्रंथाचे नाव झाली. सर्वज्ञ श्रीचक्रधरांच्या आठवणींना चरित्र एवढेच न म्हणता लीळाचरित्र म्हटले, यात तत्त्वज्ञान आहे. परमेश्वराला कसलीच गरज नसते, तेव्हा तो जे करतो ते खेळ म्हणूनच. या दृष्टीने ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्र वाचावे. लहान मुलासारखे, जगाच्या दृष्टीने वेड्यासारखे त्यांचे वागणे, आणि ते तितक्याच आदराने आणि जसेच्या तसे नोंदवून ठेवणारे भक्त. त्या गद्यात हसू आहे, पण कोणाला कमी लेखणारे नाही. लीळेची एक संस्कृत बहीण आहे, हेला. तिचाही अर्थ खेळ, सहजता, आणि त्यातूनच पुढे बेपर्वाई, अवज्ञा. मराठीत ती हेळणे या क्रियापदात आणि हेळसांड या शब्दात उतरली असावी. दोघी बहिणी खेळातूनच निघाल्या. एक ईश्वराच्या कृतीचे नाव झाली, दुसरी निष्काळजीपणाचे.

कौतुकाचीही अशीच कथा आहे. कुतुक म्हणजे उत्सुकता, त्यावरून कौतुक. संस्कृतात लग्नाच्या वेळी हाताला बांधायच्या मंगलसूत्रालाही कौतुक म्हणत. जुन्या मराठीत आश्चर्य, खेळ, मौज, लाड, असे सगळे अर्थ त्यात मावत. ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायात आपल्या मराठी बोलाची अमृताशी पैज लावली, तिथेही हा शब्द तृतीयेत येतो, आणि तिथे त्याचा अर्थ सहज, खेळता खेळता असा घ्यावा, असे मला वाटते. लीलया म्हणजे सहज आणि कौतुके म्हणजेही सहज. खेळ आणि सहजता यांची गाठ दोन्हींत एकच आहे. पैजही रंजक आहे. ती प्रतिज्ञेचे प्राकृतातून झिजत आलेले रूप असावी. प्रतिज्ञा गंभीरपणे करायची असते, पैज खेळताना लावतात. अक्षरे झिजली तसा शब्दावरचा भारही उतरला. त्या जागी ज्ञानदेवांना दोन्ही छटा हव्या असाव्यात.

ज्ञानदेवांच्या हास्याचा खरा नमुना पाहायचा तर तेराव्या अध्यायातली अज्ञानलक्षणे वाचावीत. रोज नवा देव धरणाऱ्या भक्ताचे तिथे वर्णन आहे. एकादशीला एक, चतुर्थीला दुसरा, पंचमीला नाग, घरात एक, यात्रेत भलताच. तिथी पुढे सरकते तशी त्याची निष्ठाही सरकते. कुठेही शिवी नाही, नुसते एकामागून एक चित्र. या प्रकाराला विनोद हे नाव त्या काळी कोणी दिले नसते. संस्कृत पंडिताने परिहास म्हटले असते. परि म्हणजे सभोवार. माणसाला मध्ये ठेवून त्याच्याभोवती हसणे. उपहासात हसणारा जवळ येतो आणि बोट रोखतो. उपसर्ग बदलला की हसणाऱ्याची उभे राहण्याची जागाच बदलते, हे संस्कृतचे सामर्थ्य मला फार मोहक वाटते.

अमरकोशातल्या त्या मंडळींपैकी द्रव हा शब्द प्रथम चकवतो. द्रु म्हणजे धावणे; म्हणून खेळ, धावपळ, थट्टा. पण त्याच धातूतून पातळ, वाहता पदार्थही निघतो. आणि इथे एक योगायोग समोर येतो. इंग्रजीतला ह्यूमर हा लॅटिनमध्ये ओलावा, द्रव या अर्थाचा. मध्ययुगीन युरोपातले वैद्य शरीरात चार द्रव मानत आणि त्यांच्या प्रमाणावर माणसाचा स्वभाव ठरवत. स्वभाव, मग लहर, मग विक्षिप्तपणा, मग हसू, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. दोन्हींत नाते काही नाही, पण पाणी दोन्हींत आहे. आपल्याकडेही या क्षेत्रात पाणी जागोजागी लागते. मौज हा अरबी शब्द मुळात लाट या अर्थाचा. फारसी-उर्दूत लाटेवरून मनाची लहर, लहरीवरून आनंद, आणि मराठीत तर नुसतीच मौज. लहर हा आपला शब्द त्याच वाटेने गेला. संस्कृत लहरी म्हणजे लाट, आणि लहरी माणूस म्हणजे ज्याच्या मनाचा नेम नाही तो. मजा फारसीत चव या अर्थाची आहे, आणि भरतमुनींचा रसही चवीचाच. हास्याला रस म्हणणारे आणि मजा म्हणणारे एकमेकांना ओळखतही नव्हते, तरी दोघांनी जिभेचीच साक्ष काढली.

आता मस्करी. या शब्दापाशी मी पुन्हा पुन्हा येतो. वाट सरळ आहे. अरबीत सीन-खे-रे या मूळ अक्षरांत थट्टा करण्याचा अर्थ, त्यावरून मस्खरा म्हणजे ज्याला लोक हसतात तो, सोंगाड्या. फारसीतून हिंदुस्थानीत मसखरा, मसखरी, आणि मराठीत ख मधला हकार गळून मस्करी. हाच शब्द पश्चिमेकडे जाऊन इटालियन मास्केरा म्हणजे मुखवटा झाला असावा असे काही विद्वान म्हणतात. काहींना लॅटिनमधल्या चेटकिणीच्या नावाची व्युत्पत्ती पटते. मुखवटा आणि मस्करी एकाच कुळातले निघाले तर आनंदच आहे, पण आग्रह धरण्यासारखा तो मुद्दा नाही.

गंमत पुढे आहे. संस्कृतात मस्करिन् असा शब्द आहे आणि त्याची प्रथमा एकवचनी होते मस्करी! अर्थ? संन्यासी. पाणिनीने सहाव्या अध्यायात या शब्दासाठी खास सूत्र केले: मस्कर म्हणजे वेळू, आणि मस्करी म्हणजे परिव्राजक. वेळूची काठी घेऊन हिंडणारा तो मस्करी, हे साधे स्पष्टीकरण झाले. पण महाभाष्यकार पतंजलीला ते पुरले नाही. नुसत्या काठीने मस्करी होत नाही, तो म्हणतो. कर्मे करू नका, करू नका, शांतीच बरी, असे सांगत हिंडतो म्हणून तो मस्करी. ‘मा कृत’ या नकारातून शब्दाची ध्वनी-छाया त्याने काढली आहे. हा रोख कोणावर असावा? बुद्धाचा समकालीन, आजीविकांचा आचार्य मक्खलि गोसाल, ज्याच्या मते माणसाच्या प्रयत्नाने काही बदलत नाही, त्याच्यावर, असे बहुतेकांचे मत आहे. संस्कृतात त्याचे नाव मस्करी गोशाल असेच लिहितात.

पालीच्या बाजूने पाहिले तर आणखी एक खेळ सापडतो. पाचव्या शतकातला टीकाकार बुद्धघोष सांगतो की गोसाल हा कोणाचा तरी दास होता. चिखलातून तेलाचे भांडे नेत असताना धनी ओरडला, अरे, घसरू नकोस. पालीत: मा खलि. तो घसरलाच, पळालाही, आणि नाव पडले मक्खलि. जैन आगमांची तिसरीच कथा. त्यांच्या मते तो मंखलिपुत्त, म्हणजे मंखाचा मुलगा. मंख म्हणजे चित्रफलक दाखवत गोष्टी सांगत भिक्षा मागणारा. आपल्याकडे सिंधुदुर्गात पिंगुळीचे चित्रकथी आहेत, त्यांचा हा फार दूरचा पूर्वज म्हणावा. तीन परंपरा, तिघींना हा माणूस नापसंत, आणि तिघींनी त्याच्या नावातच त्याचा निकाल लावला. वैयाकरणाने त्याला आळशी ठरवले, बौद्धाने घसरलेला, जैनाने पोटासाठी चित्रे दाखवणाऱ्याचा पोर.

या व्युत्पत्ती चुकीच्या आहेत म्हणून हसण्यावारी नेणे मला पटत नाही. आपल्या पूर्वजांच्या हास्यबुद्धीचे एक मोठे क्षेत्र निरुक्त हेच होते असे माझे मत झाले आहे. प्रतिपक्षाचे नाव घ्यायचे, त्याचे दोन तुकडे करायचे, आणि त्या तुकड्यांकडूनच त्याच्याविरुद्ध साक्ष वदवून घ्यायची. यात भाषेचे ज्ञान लागते, कान तयार लागतो आणि ऐकणाऱ्यावर विश्वास लागतो. अरबी मस्करी आणि संस्कृत मस्करी यांचा रक्ताचा संबंध शून्य आहे. पण संन्याशाच्या नावाची अशी मस्करी दोन हजार वर्षांपूर्वी झाली होती, हे कळल्यापासून मला मराठी शब्द उच्चारताना दोन्ही अर्थ ऐकू येतात. भोंदू संन्यासी हा तर संस्कृत प्रहसनांचा लाडका नायक. सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्म्याने मत्तविलास लिहिले, त्यात कपाल हरवलेला कापालिक आणि बौद्ध भिक्षू यांचे भांडण आहे. राजाने ते लिहिले हे विशेष.

संन्याशाइतकाच दुसरा लाडका विषय म्हणजे कारकून. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने सरकारी कायस्थांच्या लाचखोरीवर एक काव्य लिहिले आणि त्याला नाव दिले नर्ममाला. हे नाव मराठी वाचकाला बुचकळ्यात टाकते, कारण नर्म विनोद म्हणजे हळुवार, मंद, कोणाला न दुखवणारा, असे आपण धरून चालतो. नर्ममाला वाचली तर त्यात हळुवार काही नाही. क्षेमेंद्र कातडी सोलून काढतो. संस्कृतात नर्मन् म्हणजे थट्टा, क्रीडा, एवढेच. राजाचा हसवणारा सोबती तो नर्मसचिव. नर्मदा ही नर्म देणारी, सुख देणारी, अशी फोड जुन्या लोकांनी केली. तेव्हा नर्मविनोद या समासात खरे तर एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. मग त्यात मऊपणा कुठून आला? मला संशय फारसी नर्म या शब्दाचा आहे. त्याचा अर्थ मऊ, आणि तो मराठीत नरम या रूपात घरोघर आहे. संस्कृत नर्म पुस्तकातला, फारसी नरम रोजच्या बोलण्यातला. दोघांचे ध्वनी इतके जवळ की बोलीने ग्रंथाचा अर्थ हळूच बदलून टाकला असावा.

फारसीचा असा संग पाहायचा तर नाथांकडे जावे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर अधिकारी होते, आणि हिशेबातली चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागवल्याची कथा सर्वश्रुत आहे. दप्तराची भाषा त्यांच्या कानात बसलेली होती. भारुडांत त्यांनी काय केले? देवाला अर्ज लिहिला. त्या भारुडाचे नावच अर्जदस्त. मूळ फारसी शब्द अर्ज-दाश्त, म्हणजे सादर केलेली विनंती. दाश्तचा मराठी कानाला अर्थ लागला नाही, दस्त म्हणजे हात किंवा कागद मात्र ओळखीचा होता, म्हणून अर्जदस्त झाले असावे. त्या अर्जात परगण्याचे नाव आहे शरीराबाद, शेकदार आहेत जिवाजी, आणि कारकून बुधाजी. आबाद म्हणजे वसलेले, लागवडीखालचे. अहमदाबादसारख्या नावांच्या ओळीत नाथांनी देहाला बसवले. शेकदार हा फारसी शिक्कदार, शिक्क म्हणजे महसुली विभाग. जिवाजी आणि बुधाजी ही नावे पैठणच्या कोणत्याही गल्लीत हाक मारली तर दोघे-चौघे वळून पाहतील अशी. त्यांत जीव आणि बुद्धी लपलेले आहेत हे श्रोत्याला एका क्षणानंतर उमगत असेल. तो क्षण नाथांनी कमावलेला आहे. संस्कृत पंडिताने जीव आणि बुद्धी यांचे नाते पाच पाने सांगितले असते. नाथांनी जीवाला अंमलदार केले, बुद्धीला त्याच्या हाताखालचा कारकून केले, आणि परगण्याचा वसूल कोण खातो ते श्रोत्यावर सोडले.

भारूड शब्दाचे मूळ काय, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. बहुरूढ म्हणजे खूप जणांत रूढ झालेले, ही एक उपपत्ती. भराडी नावाच्या भिक्षेकऱ्यांशी काहींनी त्याचा संबंध जोडला. तिसरी भारुंड पक्ष्याची. पंचतंत्रातला एक पोट आणि दोन मुखे असलेला हा पक्षी, तसे भारुडाला दोन अर्थ, एक ऐकण्याचा आणि एक समजण्याचा. ही तिसरी व्युत्पत्ती सुंदर आहे, आणि म्हणूनच मी तिच्याकडे जपून पाहतो. जो भारुडाचा रसिक असेल त्याने ती शोधली असावी. गावातल्या ज्या माणसांनी हा शब्द प्रथम वापरला ते भारुंड पक्षी मनात धरून बोलत होते असे वाटत नाही. भराडीकडे माझा कल आहे, कारण प्रकाराची नावे बहुधा तो प्रकार करणाऱ्यांवरून पडतात. रोजच्या बोलण्यात भारूड लावणे म्हणजे लांबण लावणे असा अर्थ का झाला, त्याचेही उत्तर रात्र रात्र चालणाऱ्या खेळांत सापडते.

सोंग आणणाऱ्याच्या अंगविक्षेपांतून आणखी एक शब्द वळला, तो चेष्टा. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, हावभाव. हिंदी-बंगालीत ती प्रयत्न या अर्थाला गेली. मराठीत ती थट्टा झाली, बहुधा दुसऱ्याच्या चालण्याबोलण्याची हुबेहूब हालचाल करून दाखवण्यातून. विडंबनाचेही तसेच, विडंब् म्हणजे नक्कल करणे. पण मराठीने या शब्दाची दोन रूपे ठेवली. ड कायम राहिला ते विडंबन, कवींचा खेळ. ड चा ट झाला ती विटंबना, आणि तिच्यात अब्रू जाते.

कोटीबद्दल थोडे सांगायला हवे. कोटी म्हणजे टोक, धनुष्याचे टोक. रामेश्वराजवळची धनुष्कोटी त्यावरूनच. न्यायशास्त्रात संशयाला दोन कोटी असतात. अंधारात दिसते ते खांब आहे की माणूस, अशी दोन टोके, आणि मन त्यांच्यामध्ये हेलकावते. शब्दावर कोटी करणे म्हणजे हेच आहे: ऐकणाऱ्याला क्षणभर संशयात टाकणे. हा अर्थ पाठशाळांतल्या वादांमधून मराठीत उतरला असावा, कारण युक्तिवादाला आपण कोटिक्रम म्हणतोच. पंडित कवींनी श्लेष हा शब्द वापरला, ज्याचा अर्थ मिठी. दोन अर्थ एकमेकांना बिलगलेले. मला कोटी जास्त आवडते, कारण तिच्यात दोन्ही अर्थ सुटे राहतात आणि ओढाताण जाणवते. पु. लं.ना कोट्यधीश म्हणणाऱ्याने तर कोटीवरच कोटी केली.

मिश्कील हा सर्वांत हट्टी शब्द. दोन वाटा दिसतात. एक मिस्कीन, म्हणजे गरीब, दीन. हा शब्द अक्कदीइतका जुना, आणि अरबीतून इटालियन, स्पॅनिश, फ्रेंचपर्यंत पोहोचलेला. वरून गरीब चेहरा आणि आत खोडी, असा अर्थविस्तार कल्पिता येतो. न चा ल होणे मराठीला अपरिचित नाही, लिंब आणि निंब आपण दोन्ही म्हणतो. दुसरी वाट मुश्किल. अरबीत त्याचा अर्थ नुसता कठीण नव्हे, तर संदिग्ध, उलगडायला अवघड. मिश्कील माणसाचे बोलणे खरे की खोटे हे कळत नाही, तेव्हा अर्थ चपखल आहे, आणि ध्वनीही फारसा वाकवावा लागत नाही. मी दुसरीकडे झुकतो, त्याला आणखी एक कारण आहे. मुश्किलचे मूळ शीन-काफ-लाम, आणि त्याच मुळातून शक्ल म्हणजे आकार, रूप. ती मराठीत शक्कल होऊन आली, आणि आकारावरून युक्तीकडे सरकली. शक्कल लढवणारा आणि मिश्कील हसणारा हे तर मग एकाच घरातले ठरतात. मुश्कील आपण वेगळी ठेवली, अडचणीसाठी. मिश्कील वेगळा काढला, हसण्यासाठी. दारात दोनदा आलेल्या एकाच पाहुण्याला मराठीने दोन नावांनी ठेवून घेतले, असे यात घडले असावे.